तंबोरा ठेवावा, विकावा की द्यावा?

घरात एक तंबोरा आहे. ज्यांचा होता ते आता गात नाहीत, किंवा हयात नाहीत. इमारत पुनर्विकासाला गेली आहे, पुढची काही वर्षं भाड्याच्या लहान घरात काढायची आहेत, आणि सामानाची यादी करताना सगळे जण कोपऱ्यातल्या त्या गवसणीपाशी येऊन थांबतात. कपाट, सोफा, फ्रिज यांचं काय करायचं ते पाच मिनिटांत ठरतं. तंबोऱ्याचं ठरत नाही.

मी गाणं शिकवते, त्यामुळे असे फोन मला येतात. "ताई, आईचा तंबोरा आहे, कोणाला हवाय का?" फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तंबोरा घरीच ठेवता येतो, शिकणाऱ्या माणसाला देता येतो, एखाद्या संस्थेला देता येतो, कारागिराला किंवा दुकानात विकता येतो, आणि क्वचित संग्रहालयाकडेही जाऊ शकतो. पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, गणित वेगळं आहे, ते पुढे येईल. माझं मत आधीच सांगून टाकते: तंबोरा जिथे रोज जुळवला जाईल तिथे जावा. किंमत, नातं, सोय हे सगळं त्यानंतर.

हातात नेमकं काय आहे?

कोणाला द्यायचा हे ठरवण्याआधी तो कोणत्या सुराचा आहे ते पाहा. पुरुषांचा तंबोरा साधारण पाच फूट उंच आणि मोठ्या भोपळ्याचा असतो. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन या पट्टीत तो छान बोलतो. (पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा मूळ सा. तिची नावं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून पडली आहेत.) बायकांचा तंबोरा त्याहून लहान, पांढरी पाच, काळी चार, काळी पाच अशा सुरांसाठी केलेला. दुकानात सरळ 'जेंट्स' आणि 'लेडीज' म्हणतात. काळी चारचा तंबोरा काळी एकवर उतरवला तर तारा ढिल्या पडतात आणि नुसती फडफड ऐकू येते. उलट मोठा तंबोरा वर चढवत गेलं की तारा तुटतात, त्याआधी दांडीला ताण बसतो. पातळ तारा लावून एखाद-दुसऱ्या सुराचं अंतर सांभाळता येतं, त्यापलीकडे नाही. म्हणजे काकांचा तंबोरा गाणं शिकणाऱ्या भाचीला द्यायचा बेत कितीही मनाला पटला तरी भाचीच्या गळ्याला तो उपयोगी पडणार नाही. घरातल्या घरात तंबोरा देण्याचे बेत मी बहुतेक वेळा इथेच अडलेले पाहिले आहेत.

घरात दोन तंबोरे असतील तर ती जोडी आहे का, हे विचारून घ्या. मैफिलीत गाणाऱ्यांकडे एकाच कारागिराकडून, एका सुराला, एकमेकांत मिसळतील असे करून घेतलेले दोन तंबोरे असतात. दोन भावांनी एकेक वाटून घेतला की वाटणी सरळ होते खरी, पण मग त्या दोघांतून मिळून उठणारा आवाज कायमचा जातो. जोडी फोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. देणार असाल तर दोन्ही एकालाच द्या.

मग त्याची प्रकृती. खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून दांडीकडे पाहा, ती पुढे वाकली असेल तर लगेच कळतं. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाली तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) आत बसली आहे का, ते बोट फिरवून पाहा. भोपळ्याला चीर आहे का, दांडी आणि भोपळा जोडणारा गळा हलतो का, गवसणीच्या तळाशी पिवळसर बारीक भुकटी साठली आहे का, तेही बघा. भुकटी म्हणजे कीड. तारा, सूर बारीक जुळवायचे मणी, सैल खुंट्या, जवारी (तारांना झंकार यावा म्हणून घोडीची पाठ घासून लावणं) ही किरकोळ कामं. भोपळ्याची चीर भितीदायक दिसते, पण जाणता कारागीर ती चांगली सांधतो. वाकलेली दांडी आणि बसलेली तबली ही मोठी दुखणी. तबली बदलता येते, मात्र त्यानंतर येणारा आवाज आईच्या तंबोऱ्याचा असेल असं समजू नका.

द्यायच्या आधी त्याला 'जरा चकचकीत' करण्याचा मोह आवरा. जुन्या तंबोऱ्यांवर लाखेचं पॉलिश असतं. त्यावर हार्डवेअरच्या दुकानातलं व्हार्निश मारलं की ते खरवडून काढण्याचं काम पुढच्याच्या गळ्यात पडतं. कोरडं मऊ फडकं पुरेसं आहे.

एका गोष्टीकडे सहसा कोणाचंच लक्ष जात नाही. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची नक्षी, हस्तिदंताचे मणी किंवा सांबरशिंगाची घोडी असू शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. सांबरशिंगही याच कायद्याखाली येतं. मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी पैसे घेऊन अशी वस्तू दुसऱ्याला देता येत नाही. पांढरा दिसणारा प्रत्येक तुकडा हस्तिदंत नसतो, उंटाचं हाड आणि प्लॅस्टिकही सर्रास वापरलं जातं. शंका असेल तर विकण्याची भाषा करण्याआधी कारागिराला दाखवा आणि वनविभागात विचारा. वारशाने आलेल्या वस्तूचीही नोंद द्यावी लागते.

घरी ठेवायचा असेल तर

घरी ठेवणं हा निर्णय आहे, निर्णय टाळणं नव्हे, एवढं पक्कं असेल तर तो चांगला पर्याय आहे. गाणारं माणूस घरात असेल, किंवा पाच-सात वर्षांत मुलगी गायला लागेल अशी खरी चिन्हं असतील, तर जरूर ठेवा. फक्त त्याची देखभाल काय असते ते समजून घ्या. वाजवायचा नसेल तेव्हा तारा उतरवून ठेवायच्या. पूर्ण सुरात ताणलेल्या तारा वर्षानुवर्षं तशाच राहिल्या की तबली बसते आणि दांडी वाकते. बंद खोलीतल्या तंबोऱ्यांची सगळ्यात जास्त हानी याच कारणाने होते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात, सरस ओल धरतो आणि सुटतो. गवसणी सुती असावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या भोपळ्याला आतून बुरशी लागते. वर्षातून एकदा तरी तारा बदलून, जुळवून, घरातल्या कोणीतरी तो छेडावा.

हे जमणार नसेल तर घरी ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय ठरतो, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त वेळा निवडला जातो, कारण त्यात कोणालाच काही करावं लागत नाही. "आईची आठवण आहे" असं म्हणून माळ्यावर चढवलेला तंबोरा दहा वर्षांनी खाली येतो तेव्हा दुरुस्तीचा खर्च ऐकून घरातले मागे सरतात, आणि मग तो भंगारात किंवा जुन्या बाजारात जातो. आठवणीसाठीच ठेवायचं असेल तर आईची गाण्याची वही ठेवा, त्या तंबोऱ्यावर गायलेलं एखादं ध्वनिमुद्रण ठेवा, जुनी घोडी बदलली तर ती ठेवा. या वस्तू कपाटात राहू शकतात.

शिकणारं माणूस की संस्था?

फोनवर बोलणारे बहुतेक जण या दोन पर्यायांत घुटमळतात. दोन्हीत चांगुलपणा आहे, तरी फरक मोठा आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला. पुढे तो घरोघर पोहोचला, आणि आता फोनवरच्या ॲपवर मुलं रियाज करतात. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. प्रवासात, वसतिगृहात, रात्री उशिरा त्याच्यामुळेच रियाज होतो. पण तंबोरा जुळवता जुळवता कान जो तयार होतो, तो बटण दाबून होत नाही. जोडाच्या, म्हणजे एकाच सा ला लावलेल्या, दोन तारा एकमेकींत विरघळेपर्यंत खुंटी केसभर फिरवायची, मग मणी सरकवायचा, मग जवारीचा दोरा अलगद हलवायचा, असं करता करता एके दिवशी खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या, तारेतून गंधार ऐकू येतो. तो गंधार कोणत्याही तारेला लावलेला नसतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ज्या मुलाला किंवा मुलीला तो ऐकू आला, त्यांच्या गाण्यात काय बदलतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गुरूच्या घरी आठवड्यातून तासभर तंबोरा मिळणं आणि स्वतःच्या खोलीत रोज पहाटे मिळणं, यात फार अंतर आहे. नवा चांगला तंबोरा घेणं बऱ्याच विद्यार्थ्यांच्या घरी परवडत नाही. तुमच्या तंबोऱ्याची जागा तिथे आहे.

शिकणारं माणूस कसं शोधायचं? थेट जाहिरात करण्यापेक्षा आपल्या गावातल्या एक-दोन गुरूंना विचारा. गुरूला ठाऊक असतं की कोणाचा सूर कोणता, कोण टिकेल, कोणाच्या घरी पाच फुटी वाद्य उभं करायला जागा आहे. परीक्षेची विशारद पातळी गाठलेलं, पण अजून स्वतःचा तंबोरा नसलेलं कोणी असेल तर उत्तम. अगदी लहान मुलाला देऊ नका. आवाज फुटायचा असतो, पट्टी बदलणार असते.

मोबदला घ्यावा का, हा नाजूक प्रश्न. माझी पद्धत अशी, की किंमत घेऊ नये, पण दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याने करावा. त्याने स्वतः तंबोरा कारागिराकडे न्यावा, शेजारी बसून जवारी लागताना पाहावी, आपल्या कानाला खुली (जास्त झंकाराची) आवडते की बंद (कमी झंकाराची) ते सांगावं. त्या एका दिवसात वाद्याशी त्याची जी ओळख होते ती आयता तयार तंबोरा हातात ठेवून होत नाही. अगदीच ऐपत नसेल तर खर्च तुम्ही करा, कारागिराकडे मात्र त्यालाच पाठवा. आणि 'दिला' की 'उसना दिला' हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. परत हवा असेल तर उसनाच म्हणा, किती काळासाठी ते लिहून ठेवा. दिला म्हणायचं आणि नातवाने गाणं सुरू केल्यावर परत मागायचा, असं झालं की दोन्ही घरं दुखावतात. दिलाच असेल तर एवढीच अट घाला, की गाणं सुटलं तर तोही असाच शिकणाऱ्याच्या हाती द्यायचा.

संस्थेला देण्याचा फायदा म्हणजे एका तंबोऱ्यावर पुष्कळ जण गातील. विद्यापीठांच्या संगीत विभागांत, जुन्या गायन समाजांत, गावोगावच्या गांधर्व महाविद्यालयाच्या वर्गांत वाद्यं कायम लागतात. तोटाही तोच. पुष्कळ हातांतून जाणाऱ्या तंबोऱ्याच्या तारा वर्ग संपल्यावर कोण उतरवणार? ज्या संस्थेत वाद्यांची काळजी घेणारा एक नेमका माणूस आहे, तिथे तंबोरे वर्षानुवर्षं सुरेल राहतात. जिथे तो नाही तिथे दोन पावसाळ्यांत फुटका भोपळा कपाटामागे जातो. म्हणून संस्थेला देण्याआधी एकदा तिथे जा, एखादा वर्ग चालू असताना बसा आणि त्यांचे आत्ताचे तंबोरे कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहा. धूळ, तुटलेली तार, मणी नसलेले तंबोरे दिसले तर नमस्कार करून परत या. भोपळ्यावर नावाची पट्टी लावावी असा आग्रह काही घरांत असतो. माझं म्हणणं, पट्टीऐवजी वर्षाला एका तारांच्या संचाचे आणि जवारीचे पैसे द्या. देणाऱ्याची आठवण त्यातूनही राहते आणि तंबोराही जिवंत राहतो.

दोन्हींत निवडायचं झालं तर मी शिकणाऱ्या माणसाला कौल देते. अपवाद मोठ्या पुरुषी तंबोऱ्यांचा, कारण लहान सदनिकेत राहणाऱ्या विद्यार्थ्याला तो खरोखर अडचणीचा होतो. संस्थेत त्याला ऐसपैस जागा मिळते.

कारागीर, दुकान, अनोळखी गिऱ्हाईक

पैशांची गरज असेल तर तंबोरा विकण्यात काहीही कमीपणा नाही. आजारपण, मुलांचं शिक्षण, घराचा हप्ता यांसाठी वाद्य विकावं लागलेल्या कलावंतांना मी ओळखते. त्यांच्या प्रेमात काही उणं नव्हतं. प्रश्न एवढाच, की कोणाला विकायचा.

माझ्या लेखी पहिला पत्ता मिरजेचा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेब सतारमेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही त्याच गावात काम करत आहेत. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा, तुणाचं लाकूड, हाताने लावलेली जवारी ही त्यांची ओळख. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. १९३७ साली त्यांचं निधन झालं आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, तिथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. महाराष्ट्रातल्या घरांमधले कितीतरी तंबोरे मिरजेतच जन्मलेले आहेत. तिथल्या कारागिराला तंबोरा दाखवला की नुसत्या दांडीच्या घडणीवरून, कोरीव कामावरून तो कोणत्या घराचा, साधारण कोणत्या काळातला हे तो बऱ्याचदा सांगतो. हे ज्ञान दुकानदाराकडे असेलच असं नाही.

कारागीर जुना तंबोरा घेतो तेव्हा तो दुरुस्त करून पुन्हा गाणाऱ्यालाच विकतो. त्याचा फायदा त्यातच असतो. तुम्हाला रक्कम कमी मिळेल, कारण त्याचं काम आणि जोखीम त्यातून वजा होते. ती घासाघीस फार ताणू नये असं मला वाटतं. बदली करण्याचीही सोय काही जण देतात, म्हणजे मोठा तंबोरा देऊन वर थोडी भर घालून लहान तंबोरा किंवा तानपुरी घेता येते. घरात गाणारी मुलगी असेल, पण तंबोरा आजोबांच्या पट्टीचा असेल, तर हा मार्ग मला फार समंजस वाटतो. दर कळण्यासाठी त्याच मापाच्या नव्या तंबोऱ्याची किंमत विचारा आणि तुमच्या तंबोऱ्याच्या दुरुस्तीचा अंदाज निदान दोन ठिकाणी घ्या.

शहरातल्या दुकानात व्यवहार पटकन होतो, आपल्याला मिरजेला जावं लागत नाही. मात्र तंबोरा पुढे कुठे गेला हे कळत नाही, आणि दुरुस्ती कोणाच्या हातून होते तेही नाही.

मला खरी काळजी वाटते ती ॲपवर फोटो टाकून विकण्याची. फोटोतल्या तंबोऱ्यावर पहिली उडी मारतात ते सजावटवाले. हॉटेलच्या दर्शनी भागात, लग्नाच्या मांडवात, रिसॉर्टच्या भिंतीवर उलटा टांगलेला, आत दिवा बसवण्यासाठी तबलीला भोक पाडलेला तंबोरा मी पाहिला आहे. त्या तंबोऱ्यावर कोणी तरी तीस-चाळीस वर्षं भैरव गायला असेल. ॲपवरच विकायचा असेल तर फोनवर एकच प्रश्न विचारा: "तुमची पट्टी कोणती?" गाणारा माणूस क्षणात सांगेल. ज्याला प्रश्नच कळला नाही त्याला देऊ नका, तो कितीही रक्कम बोलला तरी.

संग्रहालयाबद्दल थोडक्यात

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा सुरेख संग्रह आहे, दिल्लीला संगीत नाटक अकादमीचाही आहे. त्यामुळे पुष्कळांच्या मनात हा विचार येतो. पण कोणत्याही संग्रहालयाकडे मांडता येतील त्याहून कितीतरी अधिक वस्तू असतात, आणि चांगल्या कारागिराचा नेहमीचा तंबोरा त्यांना नको असणं स्वाभाविक आहे. नावाजलेल्या गवयाचा, पुराव्यासह असलेला तंबोरा, नाटक कंपनीतली जुनी पायपेटी, आता कोणी घडवत नाही असं वाद्य तुमच्याकडे असेल तर जरूर पत्र लिहा, सोबत फोटो आणि कागदपत्रं जोडा. बाकीच्यांनी हा नाद सोडावा. वाजू शकणारा तंबोरा काचेआड जावा, हे मला तरी पटत नाही.

पेटी असेल तर

तंबोऱ्याबद्दल मी म्हटलं की रोज जुळवणारं माणूस शोधा. पेटीच्या बाबतीत मी म्हणेन, ती अखंड राहील याची आधी खात्री करा. कारण जुन्या पेटीची बाजारातली किंमत मुख्यतः तिच्या सुरांत, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या धातूच्या पात्यांत, असते. आतले सूर जर्मन किंवा पॅरिसचे असतील तर जाणकार दुकानदार लगेच ओळखतो. ते सूर काढून नव्या खोक्यात बसवले जातात, त्या नव्या पेटीला चांगला भाव येतो, आणि आजोबांच्या पेटीचं सागवानी अंग, भाता, झिजलेल्या पट्ट्या मागे उरतात. यात फसवणूक नाही, धंद्याची ती रीत आहे. तुम्हाला चालत असेल तर सुरांची किंमत धरूनच सौदा करा. चालत नसेल तर दुकानात नेऊच नका. सूर गुजरातमधल्या पालिताण्याचे असतील तर पेटी बहुधा अखंडच विकली जाते.

पेटीला वाजवणारे हात मिळणं तंबोऱ्यापेक्षा सोपं आहे. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, तरी पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या मागून आलेल्या पिढ्यांनी ती वाजवणं सोडलं नाही. आणि देवळातल्या भजनाला तर त्या बंदीची झळही लागली नाही. आजही कोकणात डबलबारी रंगते, गोव्यात देवळादेवळांत भजनी सप्ताह होतात, घाटावर गावोगावी हरिपाठ होतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणी पेटी लागते. म्हणून पेटीच्या बाबतीत माझा कौल उलटा आहे. एकट्या विद्यार्थ्यापेक्षा मी भजनी मंडळाला पसंती देते. पेटी न वाजवता पडून राहिली की भात्याच्या घड्या कडक होतात, चामडं आकसतं, सुरांवर गंज चढतो, आणि उंदराला भाता फार आवडतो. भजनी मंडळात ती आठवड्यातून निदान एकदा उघडतेच. तिथे ती आपटली जाईल, तिच्यावर बुक्का पडेल, पट्टीखाली तांदूळ जातील. हे सोसणारी पेटी हवी. नाजूक, एखाद्या नामवंत वादकाकडून सूर लावून घेतलेली बैठकीची पेटी असेल तर ती साथसंगत शिकणाऱ्यालाच द्या.

परदेशी असलेल्या मुलांकडे

मुलगा अमेरिकेत, सून तिथे गाणं शिकते, तिला सासूबाईंचा तंबोरा हवा आहे, अशी वेळ आता कित्येक घरांत येते. होत असेल तर फार छान आहे. पण दोन गोष्टी पाहा. हिवाळ्यात घर गरम करणाऱ्या यंत्रांनी हवा इतकी कोरडी होते की भोपळा आणि तबली तडकतात. खोलीत ओलावा राखणारं यंत्र ठेवायची तयारी हवी. दुसरं, सीमाशुल्क. शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले, नंतर २०१९ साली तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली, त्यामुळे लाकडाचा अडसर आता सहसा येत नाही. हस्तिदंत किंवा सांबरशिंग असलेला तंबोरा मात्र विमानात चढवायचा विचारही करू नका. आणि विमानात सुती गवसणी चालत नाही, भोपळ्याच्या मापाची कडक फायबरची केसच लागते.

ज्यांचा आहे त्यांना विचारा

वर एवढी तुलना केली, ती तंबोऱ्याचे मालक हयात नाहीत असं धरून. हयात असतील तर निर्णय त्यांचाच आहे. हे सांगावं लागतं, कारण अनेक घरांत "उगाच मनाला लावून घेतील" म्हणून आईला न विचारताच तिचा तंबोरा हलवला जातो. हात थरथरायला लागलेल्या, आवाज गेलेल्या माणसालाही आपला तंबोरा कोणाकडे जावा हे नेमकं ठाऊक असतं. माझ्या ओळखीच्या एका आजींनी तीन मुलींना घरी बोलावलं, प्रत्येकीला तंबोरा जुळवायला सांगितला, स्वतः डोळे मिटून ऐकत बसल्या. ज्या मुलीला सर्वांत जास्त वेळ लागला तिला त्यांनी तो दिला. घरच्यांना नवल वाटलं. आजी म्हणाल्या, "बाकीच्या दोघींचं लवकर समाधान झालं." असा न्याय दुसरं कोण करणार होतं?

त्यांच्याकडून माहितीही तेव्हाच घ्या. कोणत्या पट्टीला ठेवत, पहिली तार पंचमाला की मध्यमाला, तारांचे नंबर कोणते, जवारी कोणाकडून लावून घेत, भोपळा कधी सांधला होता का, हे सगळं एका कागदावर लिहून तंबोऱ्यासोबत द्या. त्यांनी तो जुळवून दहा मिनिटं छेडला तर फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. नव्या माणसाला पुढे जवारी लावून घेताना मूळ आवाज कसा होता ते कारागिराला ऐकवता येईल.

तंबोरा हलवायचा तो शक्यतो दिवाळीनंतर, हवा कोरडी आणि थंड असताना. तारा उतरवा, पण पूर्ण काढू नका, नाहीतर घोडी जागची हलेल. घोडीखाली पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा. भोपळ्याला जुन्या गोधडीचा वेढा द्या, मोटारीत मागच्या सीटवर आडवा ठेवा, तबली वरच्या बाजूला, आणि त्याच्यावर दुसरं काही ठेवू देऊ नका. सामानाच्या ट्रकमध्ये तो कदापि जाऊ नये. नव्या घरी पोहोचल्यावर लगेच पूर्ण सुरात चढवू नका. दोन-तीन दिवस खाली ठेवून मग हळूहळू वर न्यायला सांगा. पहिल्या महिन्यात एखादी तार तुटेल, सूर उतरत राहील, आणि त्या घरातून घाबरलेला फोन येईल. कागदावर कारागिराचा नंबर आधीच लिहिलेला असला की पुढचं ते पाहून घेतात.